वाढत्या अंगाचा मदरबोर्ड

माझ्या पहिलीच्या वर्गाच्या फोटोत मला हात नाहीत. बाकीची मुलं हाताची घडी घालून, नाहीतर हात गुडघ्यांवर ठेवून शहाण्यासारखी बसली आहेत. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा मी. माझ्या खांद्यांपासून निघालेल्या दोन पांढऱ्या बाह्या मांडीवर येऊन संपतात आणि त्यांच्या टोकाला काहीही नाही. हात आत होते, सुखरूप होते. फक्त बाहीतून बाहेर पडायला त्यांना अजून दोन वर्षं लागणार होती. तो शर्ट माझ्या आत्यानं शिवला होता.

आत्या शाळेचे गणवेश शिवते. गळ्यात टेप, कानावर खडू आणि तोंडात टाचण्या, अशा थाटात तिनं छत्तीस वर्षं काढली. टाचण्या तोंडात असताना ती जास्त समजूतदार बोलते असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे, कारण तेव्हा ती थोडक्यात आटपते. तिच्या धंद्याचं सगळं शास्त्र एका शब्दात मावतं : माया. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. पुढे अंग वाढलं की टीप उसवायची आणि ते कापड बाहेर सोडायचं. इतर शिंपी बोटभर माया ठेवतात. आत्या वीतभर ठेवते. तिनं शिवलेली पँट तीन इयत्ता चालते. दर सुट्टीत तिच्या दारात आयांची रांग लागते आणि प्रत्येक पँटच्या तळाशी गेल्या वर्षीच्या दुमडीची एक फिकट रेघ उरते. आमच्या शाळेत मुलाची इयत्ता कुणी तोंडानं विचारत नसे, त्याच्या घोट्याशी वाकून रेघा मोजत.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, ट्रक ड्रायव्हर. एकतीस वर्षं त्यांनी सोळा चाकं हाकली. इतक्या वर्षांत त्यांनी एका कुंपणाखेरीज कशालाही धक्का लावला नाही, आणि ते कुंपणसुद्धा, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, स्वतःहून पुढे आलं होतं. दोन वर्षांपूर्वी परवान्याच्या नूतनीकरणासाठी डोळे तपासले तेव्हा कळलं, की डाव्या डोळ्याची कड गेली आहे. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. अवजड वाहनाचा परवाना मिळणार नव्हता. खिडकीमागचा कारकून भला होता. "काका, खूप केलंत, आता आराम करा," म्हणाला. आतोबा घरी आले, चपला काढल्या आणि आत्याला खरोखरच विचारलं, "आराम म्हणजे नेमकं काय करायचं असतं?"

त्यांच्या नशिबानं घराच्या खिडकीखाली फरशीवाल्याचं गोदाम आहे. दिवसातून पाच-सहा ट्रक तिथल्या अरुंद फाटकातून मागे-मागे आत शिरतात. जवळजवळ दोन वर्षं आतोबांनी ते सगळे ट्रक दुसऱ्या मजल्यावरून चालवले. "काप, काप! अरे डावीकडे काप!" असा त्यांचा आवाज घुमायचा आणि खालचा ड्रायव्हर निमूटपणे स्टीअरिंग डावीकडे कापायचा. चुकला तर शिवी बसायची. आतोबांच्या शिव्यांना मात्र एक शिस्त आहे. लग्नानंतर आत्यानं आई-बहिणींवरच्या सगळ्या शिव्या एकाच दिवशी बंद केल्या. तेव्हापासून त्यांनी गाडीच्या सुट्या भागांवर भागवलं. "गंजक्या सायलेन्सरा!" ही नेहमीची. "फुटक्या रेडिएटरच्या!" ही त्याहून वरची. "उलट्या आट्याचा नट!" ही मी आयुष्यात दोनदाच ऐकली आहे आणि दोन्ही वेळा समोरच्या माणसाचा चेहरा पडलेला पाहिला आहे.

एके दुपारी आत्याचा मला ऑफिसात फोन आला.

"शिव्या बंद झाल्यात," ती म्हणाली.

"कुणाच्या? आतोबांच्या? मग बरंच झालं की."

"तुला अक्कल कधी यायची आहे, ते एकदा सांगून ठेव," आत्या म्हणाली. तोंडात टाचण्या नसाव्यात. "आत्ता खाली एकानं अख्खा दरवाजा फाटकाला घासत नेला. केवढा आवाज झाला! मी मशीन थांबवून वाट बघत बसले, आता येईल, आता येईल. काही नाही. नुसते बघत होते रे. महिना झाला हे असं. मला भीती वाटते."

आत्याला भीती वाटते हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो.

त्याच आठवड्यात आत्या एका शिक्षिकेच्या घरी मापं घ्यायला गेली होती. तिथं त्या शिक्षिकेची कॉलेजात जाणारी मुलगी कॉम्प्युटरवर ट्रक चालवत होती. खेळच होता तो, पण त्यात आरसे होते, वायपर होते, आत माल भरलेला होता आणि गावोगावी तो पोचवायचा होता. आत्या अर्धा तास तो ट्रक बघत उभी राहिली आणि कंबरेचं माप न घेताच परत आली. रस्त्यातूनच तिनं मला बोलावलं, कारण घराण्यातला कॉम्प्युटरतज्ज्ञ मी. ऑफिसातल्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मला न फाडता काढता येतो, एवढ्या एका पुण्याईवर ही पदवी चालू आहे.

मी माझा ऑफिसचा लॅपटॉप नेला, खेळ त्यात घातला आणि आतोबांना बसवलं. "हे काय पोरखेळ," म्हणत ते बसले. सरळ रस्त्यावर ठीक होतं. पहिला चौक आला आणि चित्र थिजलं. लॅपटॉपचा पंखा घरघरला, चित्र एकदम पुढे उडालं आणि पुन्हा थिजलं तेव्हा ट्रक खड्ड्यात आडवा होता.

"मी ब्रेक दाबला होता," आतोबा शांतपणे म्हणाले. उठले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. एकतीस वर्षांतला पहिला अपघात, आणि तो माझ्या लॅपटॉपनं करवला.

स्वयंपाकघरात आत्यानं मला कोपऱ्यात घेतलं. "माझ्या शब्दाखातर ते दुसऱ्यांदा बसतील. तिसऱ्यांदा नाही बसायचे, मी ओळखते त्यांना. तेव्हा आता जे आणायचं ते असं, की त्या चौकात गचका बसता कामा नये."

यंदाच्या दोन शाळांच्या गणवेशांची शिलाई तिनं त्यासाठी बाजूला काढली. तेच आमचं बजेट.

कॉम्प्युटरचं दुकान एका जिन्याखाली होतं. दुकानदार किडकिडीत, उत्साही, आणि हातातल्या स्क्रू ड्रायव्हरनं हवेत आकृत्या काढत बोलणारा. आत्यानं बजेट सांगितल्यावर त्यानं जो चेहरा केला तो मी ओळखला. कुणी दीड मीटर कापड आणून पूर्ण सूट शिवायला सांगितला की आत्या अगदी तस्साच करते.

"बसवू काहीतरी, मावशी. वेगळं ग्राफिक्स कार्ड विसरा. चित्रंही स्वतःच काढणारा प्रोसेसर घेऊ. आता बघा, प्रोसेसर म्हणजे मेंदू. आणि हा मदरबोर्ड, यावर सगळं बसतं. प्रोसेसर, रॅम, सगळं."

"म्हणजे अंग," आत्या म्हणाली.

"हां, अंग म्हणा. तर ही जोडी न्या. चार वर्षांपूर्वीचा माल आहे, पण दोन्ही मिळून स्वस्तात पडतं. फक्त एक, या बोर्डाच्या सॉकेटात पुढे नवीन काही बसणार नाही. कंपनीनं ती लाइनच बंद केली."

"म्हणजे आत काही दुमडलेलं नाही."

"काय?"

आत्यानं काउंटरवरून हात घालून त्याच्याच शर्टाचं टोक उलटं केलं. "हे बघा. रेडीमेड. दोऱ्याएवढीसुद्धा माया नाही. तुमचं पोट सुटलं की शर्ट संपला."

"मला पोट नाही, मावशी."

"आज नाही," आत्या म्हणाली.

दुकानदारानं शर्ट खोचला आणि मुकाट्यानं दुसरा खोका उघडला. ही लाइन नवी होती. या सॉकेटात आज लहान प्रोसेसर बसवा, पुढची काही वर्षं येणारे मोठेही बसतील. बोर्ड मात्र दोन तऱ्हेचे होते. एक आटोपशीर, रॅमच्या पट्ट्यांना दोन खाचा असलेला. दुसरा ऐसपैस, चार खाचा, शिवाय इकडे जागा, तिकडे जागा. आत्याची नजर त्या मोठ्या बोर्डावरून हलेना. वाढायला एवढी जागा तिनं कुठल्याही पँटमध्ये पाहिली नव्हती.

"पण मावशी, हा बोर्ड घेतलात तर प्रोसेसर सगळ्यात धाकटा घ्यावा लागेल. आणि रॅमची एकच पट्टी."

"बाकीचं नंतर घालू," आत्या म्हणाली. 'नंतर' हा तिच्या धंद्यातला मुख्य काळ आहे.

तज्ज्ञ म्हणून मी मान डोलावली.

तरी तिनं लगेच घेतलं नाही. जेवताना तिनं आतोबांसमोर आडून विषय काढला. "समजा, एकाला गाडी बांधून घ्यायची आहे आणि हात आखडता आहे. तर त्यानं इंजिन मोठं घ्यावं की चेसिस चांगली घ्यावी?"

आतोबांचा घास हातात राहिला. "कोण बांधतोय?"

"आहे एक गिऱ्हाईक."

"त्याला सांग, चेसिस. इंजिन उतरवून दुसरं चढवता येतं. चेसिस वाकली की भंगार. आमच्या कंपनीत एकानं जुन्या चेसिसवर भलंमोठं इंजिन घातलं होतं. गाडी निघाली की पुढचा भाग आधी पोचायचा आणि मागचा विचार करत यायचा." ते चांगली चार मिनिटं बोलले. महिन्याभरातलं त्यांचं सर्वांत लांब भाषण होतं ते. आत्याचा चेहरा उजळला आणि ती तांब्या भरायला उठली. "पण घाट आजच चढायचा असेल," आतोबा ताटाकडे बघत पुढे म्हणाले, "तर इंजिन आजच्यापुरतं तरी हवंच." हे वाक्य ऐकायला खोलीत मी एकटाच होतो आणि माझ्या तोंडात घास होता.

दुसऱ्या दिवशी मोठा बोर्ड आणि सगळ्यात धाकटा प्रोसेसर काउंटरवर आला. बसवताना दुकानदार जरा घाईत होता.

"थांबा," आत्या म्हणाली. "दाबू नका. ह्या कोपऱ्यावर बारीक त्रिकोण आहे ना, तो खालच्या त्या त्रिकोणाला लावायचा. बाही जोडताना आम्ही खूण करतो तशीच आहे."

दुकानदारानं चष्मा वर केला. त्रिकोण होता. प्रोसेसर टुपकन बसला. "मावशी, आधी कधी केलंय हे?"

"बाह्या लावल्यात. हजारांनी."

तिनं एक अट आधीच घातली होती : ट्रायल झाल्याशिवाय घरी न्यायचं नाही. दुकानात खेळ सुरू झाला. मी चालवायला बसलो. सरळ रस्ता झकास. मग चौक आला. दोन मोटारी, एक बस, थोडी झाडं, आणि चित्र थिजलं. तोच गचका.

"सेटिंग कमी करतो," दुकानदार म्हणाला. झाडं नाहीशी झाली. इमारतींची खोकी झाली. बसमधली माणसं उतरून कुठं गेली कोण जाणे. चौक आला आणि पुन्हा गचका.

आत्या काही न बोलता उठली आणि काउंटरच्या पलीकडे जाऊन त्या उघड्या बोर्डाकडे बघत उभी राहिली. ऐसपैस काळं मैदान, मधोमध एवढासा प्रोसेसर आणि चार खाचांतल्या एकीत एकच पट्टी.

"तुझ्या पहिलीच्या फोटोसारखं दिसतंय," ती मला म्हणाली. "हात कुठायत?"

तेव्हा मला ते वाक्य आठवलं, आणि मी ते सांगून टाकलं. घाट आजच चढायचा असेल तर इंजिन आजच्यापुरतं तरी हवंच.

"हे ते कधी म्हणाले?"

"काल. तू पाणी आणायला गेली होतीस."

"आणि तू?"

"मी जेवत होतो."

एरवी यावर मला बरंच ऐकावं लागलं असतं. आत्यानं फक्त गळ्यातला टेप काढला आणि बोटाभोवती गुंडाळायला लागली. "माया वाढत्या अंगाला ठेवतात रे," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांचं अंग आता कुठं वाढायचंय? त्यांना आज बसलं पाहिजे. मी आपली सवयीनं उद्याचं कापत बसले."

दुकानदारानं घसा खाकरला. "मावशी, अर्ध्या तासाचीच तर ट्रायल झालीय. दोन्ही खोकी परत घेतो मी." त्यानं स्क्रू ड्रायव्हर उचलला. "उसवू?"

"उसव," आत्या म्हणाली. त्या क्षणापासून तो अहो-जाहोतून सुटला आणि घरचा झाला.

या वेळी उलट क्रमानं कापलं. आधी चौक पार करेल असा प्रोसेसर, धाकट्यापेक्षा दोन पायऱ्या वरचा. मग रॅमच्या दोन पट्ट्या. प्रोसेसर स्वतःच चित्रं काढतो तेव्हा एका पट्टीवर तो लंगडतो, हे दुकानदारानं आता सांगितलं. "आधी का नाही बोललास?" असं आत्यानं विचारल्यावर तो म्हणाला, "तुम्ही माझा शर्ट उलटा केलात, मी घाबरलो." उरलं त्यात दोन खाचांचा आटोपशीर बोर्ड बसला. काठोकाठ, पण बसला.

"आणि माया?" मी विचारलं.

"सॉकेट तर तेच आहे की," दुकानदार म्हणाला. "पुढेमागे मोठा प्रोसेसर बसेल. बोटभर आहे."

"बोटभर पुरे," आत्या म्हणाली. छत्तीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून कुणी ऐकलं नसेल.

चौकात मी तीनदा गेलो. झाडं होती, बस होती, बसमध्ये माणसंही परत आली होती. गचका नव्हता. दुकानदारानं वर दोन पेडलांसकट एक खेळण्यातलं स्टीअरिंग दिलं. कुणीतरी परत केलेलं, रबर सोललेलं. आत्यानं त्याला उरलेल्या राखाडी गणवेशाच्या कापडाचं आवरण शिवलं. या आवरणात मात्र माया कणभरही नव्हती. कातडीसारखं बसलं.

रविवारी सकाळी आतल्या खोलीतलं कापायचं टेबल रिकामं करून त्यावर सगळं मांडलं. आतोबा आत्याच्या शब्दाखातर आले. खुर्चीत बसताना त्यांचा हात आपोआप खांद्यामागे पट्ट्यासाठी गेला, काही सापडलं नाही, तो परत आला. कुणी पाहिलं नाही असं आम्ही सगळ्यांनी दाखवलं.

"क्लच कुठाय?"

"नाहीये, आतोबा."

"मग गाडी आहे की शिलाई मशीन?"

"शिलाई मशीनला नावं ठेवायची नाहीत," आत्या दारातून म्हणाली.

पडद्यावर ड्रायव्हरचं नाव विचारलं होतं. आतोबा त्या रिकाम्या चौकोनाकडे बराच वेळ बघत राहिले. "लायसन दाखवायचं नाही?"

"ते विचारत नाहीत इथं."

"हं." त्यांनी पडदा चार बोटं उजवीकडे सरकवायला लावला, म्हणजे डावा आरसा दिसणाऱ्या डोळ्याच्या टापूत आला. "चल मग."

आत्या बाहेरच्या खोलीत गेली. मशीन सुरू झालं. एरवी तिची टीप सरळ पळते. आज मशीन दोन इंच चालत होतं आणि थांबत होतं, दोन इंच चालत होतं आणि थांबत होतं.

ट्रक डेपोतून निघाला. आतोबांची पाठ हळूहळू खुर्चीला टेकली. चौक दिसू लागला. झाडं आली, बस आली. काही थिजलं नाही. ट्रक निम्म्या चौकात होता, तेवढ्यात उजवीकडून एक लाल मोटार इशारा न देता आडवी घुसली. आतोबांचा पाय पडला. ब्रेक लागला. ट्रक पुढे झुकून मोटारीपासून हातभर अंतरावर थांबला.

बाहेरचं मशीन थांबलं होतं.

आतोबांनी स्टीअरिंगवरचे हात बघितले. मग मोटारीकडे बघितलं.

"अरे ए उलट्या आट्याच्या नटा!" ते गरजले. "इंडिकेटर काय शोभेला लावलाय? काप तिकडे! डावीकडे काप!"

खिडकीखाली गोदामाशी मागे-मागे येणारा खरा ट्रक कचकन थांबला, आणि निमूटपणे डावीकडे कापू लागला.

बाहेर मशीन पुन्हा सुरू झालं. या वेळी एका दमात, अख्ख्या पँटची लांबी संपेपर्यंत.

त्या दिवशी आतोबांनी फरशी नावाचा माल दोन गावं पलीकडे नेला. मी म्हटलं, जरा जोरात घ्या, इथं कुणी बघत नाही. "मी बघतोय ना," ते म्हणाले आणि पाटीवर लिहिलेल्या वेगानं चालत राहिले. दीड वाजला. आत्यानं जेवायला हाक मारली.

"माल उतरवून येतो," आतून उत्तर आलं.

आत्यानं एकदाही चौकशी केली नाही, किती वेळ, कुठवर पोचलात. फडताळातून झाकणी काढली, त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि मला म्हणाली, "तू घे वाढून. त्यांचं काही खरं नाही, ते गाडीवर आहेत."